विनोदी चित्रपट दुसऱ्यांदा कसा बघावा

विनोदी चित्रपट दुसऱ्यांदा बघायला घेतला की पुढे काय होणार ते आधीच ठाऊक असतं. तरीही ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागली की माणसं हातातलं काम टाकून बसतात आणि पुढचं वाक्य ओठांवर तयार असतानाही हसतात. पहिल्या खेपेचं हसू अनपेक्षित वळणावर येतं. पुढच्या खेपांचं हसू दुसरीकडून येतं: बोलणाऱ्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसाकडून, वाक्यातल्या बोलीतून, आणि अर्ध्या तासापूर्वी गुपचूप करून ठेवलेल्या पेरणीतून. या जागा दिसायला लागल्या की चित्रपट शिळा होत नाही. त्या दिसायच्या तर आधी प्रत धड हवी आणि आवाज ओठांशी जुळलेला हवा. म्हणून सुरुवात तिथूनच.

पूर्ण प्रत कशी ओळखायची

ऐंशीच्या दशकातल्या लोकप्रिय मराठी चित्रपटांच्या अनेकदा तीन-चार प्रती इंटरनेटवर फिरत असतात. एखादी वाहिनीवरून उतरवलेली, एखादी जुन्या व्हीसीडीवरची, एखादी नव्याने स्कॅन केलेली. नाव एकच, लांबी वेगवेगळी. जाहिरातींसाठी वेळ काढताना कात्री लागते ती गाण्यांना आणि ज्यांवाचून कथेचं अडत नाही असं वाटणाऱ्या प्रसंगांना. विनोदी चित्रपटात पेरणी नेमकी तिथेच असते. घरमालकाचा एखादा नियम, कुणाची विसरण्याची सवय, दाराची न लागणारी कडी, हे सुरुवातीला सहज दाखवून ठेवलेलं असतं आणि शेवटच्या गोंधळात कामाला येतं. पेरणी कापली गेली की शेवटी पात्रं उगीच आरडाओरडा करताहेत असं वाटतं आणि दोष लेखकाला लागतो.

प्रत पूर्ण आहे का, हे तपासायला एक साधा हिशोब आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तिथे थांबवा. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर सरकते. मीटरच्या आकड्याला २७.४ ने भागलं की मिनिटं मिळतात. प्रमाणपत्रावर ३,८४० मीटर असेल तर चित्रपट १४० मिनिटांचा. फार जुन्या प्रमाणपत्रावर लांबी फुटांत असते, तेव्हा ९० ने भागा.

आता तुमच्याकडची प्रत १३४ मिनिटांची निघाली तर लगेच कात्रीला दोष देऊ नका. आपल्याकडची जुनी व्हिडिओ पद्धत सेकंदाला २५ चौकटींची होती. २४ चौकटींचा चित्रपट त्यात जसाच्या तसा उतरवला की तो सुमारे ४ टक्के वेगाने पळतो, आणि १४० मिनिटांचा चित्रपट जेमतेम १३४ मिनिटांत संपतो. त्यात कापलेलं काहीच नसतं. आवाज मात्र किंचित चढा लागतो. गाण्यात हे लवकर कळतं, ओळखीचा गायक अर्ध्या-पाऊण सुराने वर गातोय असं वाटतं. फरक चार-पाच टक्क्यांहून मोठा असला तरच प्रत कापलेली समजा. प्रमाणपत्रच उडवलेलं असेल तर मिळतील त्या प्रतींपैकी सर्वांत लांब प्रत घ्या, पण आधी तिच्या सुरुवातीची आणि शेवटची वितरकाची जाहिरात वजा करा.

चित्राची रुंदीही बघून घ्या. महेश कोठारे यांचा ‘धडाकेबाज’ (१९९०) हा मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून ओळखला जातो. अशा रुंद चित्रपटाची चौकोनी प्रत मिळाली तर दोन्ही कडा छाटलेल्या असतात. एक जण बोलतोय आणि ज्याने दचकायचं तो चौकटीबाहेर गेलाय, असं होतं. उलट, जुन्या टीव्ही मालिका मुळातच चौकोनी, ४:३ मापाच्या आहेत. त्या रुंद पडद्यावर ताणल्या की सगळे बुटके आणि जाडे दिसतात.

टीव्हीत काय बदलायचं

पिक्चर साइझमध्ये जाऊन ४:३ किंवा ओरिजिनल निवडा. डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या दिसू द्या.

हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सोनीच्या टीव्हीत तिला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी किंवा जुन्या संचांत ऑटो मोशन प्लस. ही सोय दोन चौकटींच्या मध्ये स्वतः बनवलेली चौकट घालते. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा झटक्यात वळणारा चेहरा हा दोन-तीन चौकटींचा खेळ आहे. मध्ये बनावट चौकटी आल्या की तो झटका लोण्यासारखा पसरतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, हे आपोआप बंद होतं. शार्पनेस शून्याजवळ आणा, विशेषतः कृष्णधवल चित्रपटाला, नाहीतर फिल्मचे कण मुंग्यांसारखे चालायला लागतात.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते ब्लूटूथ स्पीकरमुळे. साध्या ब्लूटूथवर आवाज एक-दोन दशांश सेकंद, कधी त्याहूनही जास्त मागे पडतो. बातम्या ऐकताना हे चालून जातं. विनोदात वाक्य आणि त्यावरचा चेहरा यांच्यामध्ये असलेली फट अर्ध्या सेकंदाची असते. तिचा तिसरा हिस्सा गेला तर समोरचा माणूस वाक्य पूर्ण होण्याआधीच दचकतो आणि विनोद मरतो. स्पीकर तारेने जोडा. तार शक्य नसेल तर टीव्हीचाच आवाज बरा.

मात्र जोडणी नीट असूनही ओठ थोडे चुकलेले दिसले तर तो बहुधा चित्रपटाचाच गुण आहे. त्या काळात चित्रीकरणाच्या वेळचा आवाज ठेवत नसत. नट नंतर स्टुडिओत बसून संवाद पुन्हा बोलत आणि बोलता बोलता एखादा शब्द वाढवतही. दोन्हींतला फरक कळायला त्याच टीव्हीवर त्याच स्पीकरने दोन मिनिटं बातम्या लावा. निवेदकाचे ओठ जुळत असतील तर तुमच्या जोडणीत दोष नाही.

जुना आवाज एकाच वाहिनीचा, म्हणजे मोनो असतो. साउंडबारवरचं सराउंड बंद करून व्हॉइस किंवा स्टँडर्ड लावा, नाहीतर संवाद विहिरीतून आल्यासारखे घुमतात. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये बघत असाल तर ‘जे’ आणि ‘के’ या कळा आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्याने पुढे-मागे करतात आणि ‘डी’ कळ हलत्या कडांवर दिसणाऱ्या कंगव्यासारख्या रेघा काढून टाकते. वाहिनीवरून उतरवलेल्या मालिकांना ती बहुतेक वेळा लागतेच.

एकट्याने बघू नका

पहिली बैठक चार जणांत करा. याचं कारण कलेत आहे. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, दिलीप प्रभावळकर, शरद तळवलकर, सुधीर जोशी ही सगळी रंगभूमीवर घडलेली माणसं. नाटकात हशा आला की नट तो पुरता घेतो, तो ओसरू लागला की पुढचं वाक्य टाकतो. भरल्या थिएटरसाठी केलेल्या चित्रपटातही हशासाठी अशी जागा सोडलेली असते, नाहीतर पुढचं वाक्य प्रेक्षकांच्या हसण्यात बुडालं असतं. रात्री अकराला हेडफोन लावून एकट्याने बघितलं की ती जागा रिकामी राहते आणि चित्रपट संथ वाटतो. मग माणूस दीडपट वेग लावतो आणि उरलंसुरलं टायमिंगही घालवतो. वेग कधीही वाढवू नका. कंटाळा आला तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे बघा.

बोलणाऱ्याकडे नको, ऐकणाऱ्याकडे पाहा

हा या सगळ्यातला गाभा आहे. इथे थोडा वेळ घालवा.

सरावासाठी एक हिंदी प्रसंग घ्या, कारण तो जवळजवळ प्रयोगासारखा स्वच्छ आहे. ‘प्यार किये जा’ (१९६६) मध्ये चित्रपट काढायच्या वेडाने झपाटलेला मेहमूद आपल्या बापाला, म्हणजे ओमप्रकाशला, भुताच्या चित्रपटाची गोष्ट ऐकवतो. आवाज, पावलं, दाराची करकर सगळं तोंडानेच. पहिल्यांदा बघताना नजर मेहमूदवर असते. दुसऱ्यांदा त्याला अजिबात बघू नका, ओमप्रकाशला बघा. आधी वैताग, मग नाइलाजाने दिलेलं लक्ष, मग पोराच्या थापेवर बसत चाललेला विश्वास, मग खरी भीती. घाबरवणारा काहीच दाखवत नाही, भूत तयार होतं ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. हाच प्रसंग मुळात ‘काधलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) या श्रीधर यांच्या तमिळ चित्रपटात नागेश आणि बालैया यांनी केला. दोन्ही लागोपाठ बघितले तर गोष्ट सांगणाऱ्याची पद्धत बदललेली दिसते आणि ऐकणाऱ्याचं काम मात्र तेच राहिलेलं दिसतं.

याच कथेवरून महेश कोठारे यांनी १९८५ साली ‘धुमधडाका’ केला. त्यात ही नजर लावा मुलींचा बाप झालेल्या शरद तळवलकरांवर. अशोक सराफ तेव्हा ३८ वर्षांचे. खोटी दाढी-मिशी आणि पाइप घेऊन यदुनाथ जवळकर नावाचा गडगंज म्हातारा म्हणून येतात. पाइप ओढता ओढता येणारा त्यांचा तो ‘व्याख्या, विख्खी, वुख्खू’ महाराष्ट्राला पाठ आहे. पण तो ठसका ऐकताना तळवलकर काय करतात? ते हसत नाहीत, संशयही घेत नाहीत. श्रीमंत व्याह्याचा खोकलासुद्धा आदराने ऐकून घेतात. लोभी माणूस समोरच्या विचित्रपणाला मोठेपणा समजतो, हे तळवलकरांनी गंभीर राहून दाखवलंय म्हणून सराफांना एवढी मोकळीक मिळाली. तळवलकर त्यात हसले असते तर सगळं सोंग कोसळलं असतं.

‘बनवाबनवी’त हे काम सुधीर जोशींकडे आहे. घरमालक विश्वासराव सरपोतदार. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य कागदावर लिहून बघा, त्यात विनोद कुठेच नाही. पत्ता विचारणारं साधं वाक्य आहे. विचारणारा कोण, दार कुणाचं आणि या घरमालकाला काय खपत नाही, हे आधीच्या प्रसंगांनी ठरवून ठेवलंय. म्हणूनच मोबाइलवर चाळीस सेकंदांच्या तुकड्यात हे वाक्य बघितलेल्या नव्या प्रेक्षकाला लोक एवढे का हसतात ते कळत नाही. एखाद्याला चित्रपट पहिल्यांदा दाखवायचा असेल तर त्याआधी असे तुकडे पाठवू नका.

हा सराव कसा करायचा: पूर्ण चित्रपट बघून झाल्यावर आठवड्याभरात तीन प्रसंग निवडा, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांचे. एकदा ऐकणाऱ्याकडे बघत पाहा. एकदा आवाज बंद करून. एकदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. आवाज बंद केल्यावर जे टिकतं ते अंगाचं काम. पाठ केल्यावर टिकतं ते लेखकाचं आणि बोलीचं. बेर्डे यांचे बरेच प्रसंग आवाजाविना चालतात, हे अनेकांना आधीच वाटत असतं. सराफांचेही चालतात, हे मात्र करून बघितल्याशिवाय पटत नाही. त्यांच्या भुवया आणि मान वाक्याआधीच बोलून मोकळ्या होतात. एका चित्रपटाला तीन प्रसंग पुरेत. त्याहून जास्त उकल केली की चित्रपट अभ्यासाचं पुस्तक होऊन बसतो.

‘हा’ आणि ‘ही’

‘अशी ही बनवाबनवी’ सप्टेंबर १९८८ मध्ये आला. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, लेखक वसंत सबनीस. गोष्ट हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) वरून घेतलेली, आणि तो चित्रपटही बंगाली ‘जय मा काली बोर्डिंग’ वरून. पुण्यात जागा मिळत नाही, लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते जोडप्यानेच, म्हणून जागा शोधणाऱ्या चौघांतले दोघे बायका होतात: परश्याची (बेर्डे) पार्वती आणि सुधीरची (सचिन) सुधा.

इथे सबनीसांना मराठीने एक शस्त्र दिलं जे हिंदीत तितकं धारदार नाही. मराठीत क्रियापद तर लिंग सांगतंच, पण ‘हा’ आणि ‘ही’सुद्धा सांगतात. हिंदीत पुरुषालाही ‘ये’ आणि बाईलाही ‘ये’. म्हणून ‘हा माझा बायको पार्वती’ ही घसरण आपल्या भाषेत पहिल्याच शब्दापासून होते. चार शब्दांचं वाक्य, त्यातले पहिले दोन चुकले आणि माणूस पकडला जाण्याच्या उंबरठ्यावर आला. दुसऱ्या खेपेला या चित्रपटात लिंग मोजत बसा. सुधा आणि पार्वतीच्या प्रत्येक वाक्याला ‘जाते’ की ‘जातो’, ‘आले’ की ‘आलो’ असा सापळा आहे. कोण सहज निभावतं, कोण अडखळतं, आणि खरं माहीत असलेले दोघे ते ऐकताना श्वास कसा रोखतात, हे कानांनी टिपा.

मराठी चौथ्या इयत्तेपर्यंतही न शिकलेल्या, परदेशात वाढलेल्या मुलांना हा चित्रपट दाखवताना याच जागी अडतं. इंग्रजी सबटायटलला ‘हा बायको’ मांडताच येत नाही. चित्रपट सुरू करण्याआधी त्यांच्याकडून पाच मिनिटं ‘मी जातो, मी जाते, हा दादा, ही ताई’ म्हणवून घ्या. एवढ्याने काम होतं. सबटायटल ठेवायचंच असेल तर ते उशिरा येऊ द्या. बहुतेक सबटायटल वाक्य सुरू होतानाच पूर्ण दिसतं, त्यामुळे नट शेवटच्या शब्दाला पोहोचायच्या आधी मुलांनी तो वाचलेला असतो. व्हीएलसीत ‘एच’ कळ आठ वेळा दाबली की सबटायटल ४०० मिलिसेकंद मागे जातं. ‘जी’ कळेने परत येतं. मात्र सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये असेल तरच हे जमतं. चित्रावरच छापलेलं असेल तर खालच्या भागावर कागदाची पट्टी चिकटवणं हा एकच उपाय.

लेखक धरून मागे जा

नटाच्या मागे गेलं की माणूस त्याच काळात फिरत राहतो. लेखकाच्या मागे गेलं तर वाट थेट तमाशापर्यंत जाते. सबनीसांचंच बघा. ‘बनवाबनवी’च्या आधी १७ वर्षं त्यांनी ‘सोंगाड्या’ (१९७१) लिहिला, गोविंद कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेला, दादा कोंडके यांचा. त्याच्याही आधी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे त्यांचं लोकनाट्य, ज्यात दादा घराघरांत पोहोचले. लोकनाट्यात बतावणी असते. दोघं समोरासमोर, एक विचारतो, दुसरा मुद्दाम चुकीचं ऐकतो आणि त्यातून वेगळाच अर्थ निघतो. ‘सोंगाड्या’तला भाबडा नाम्या हेच करतो. मग ‘बनवाबनवी’त परत या: चकचकीत बंगला, शहरी कपडे, पण दोघांच्या प्रश्नोत्तरांतली लय बतावणीचीच आहे. हे दोन चित्रपट एकाच आठवड्यात बघावेत.

दादांच्या चित्रपटांबद्दल एक स्पष्टपणे सांगायला हवं. त्यांची गाणी आणि संवाद दुहेरी अर्थाचे आहेत आणि ते तसेच असायला हवेत. बीप घातलेली प्रत घेऊ नका, कारण बीपमुळे साधा अर्थ जातो आणि फक्त दुसराच उरतो. लहान मुलं सोबत असतील तर ‘सोंगाड्या’ चालतो. ‘पांडू हवालदार’ (१९७५) थोडा पुढच्या वयाला. त्यात दादांच्या जोडीला तरुण अशोक सराफ आहेत, आणि दादा मुख्य असताना सराफ स्वतःसाठी किती कमी जागा घेतात ते बघण्यासारखं आहे.

त्याच्या मागे गेलात की कृष्णधवल काळ लागतो. इथे बरेच जण क्रमात चुकतात. थेट १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’पासून सुरुवात करतात, आचार्य अत्रे यांचं लेखन, मास्टर विनायक यांचं दिग्दर्शन म्हणून मोठ्या अपेक्षेने बसतात, आणि जुन्या आवाजातली खरखर व संगीत नाटकासारखी संवादफेक यांनी अर्ध्या तासात उठतात. आधी १९५२ चा ‘लाखाची गोष्ट’ घ्या. राजा परांजपे यांचं दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचं लेखन, सुधीर फडके यांचं संगीत. दोन कफल्लक मित्रांना ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे आहेत आणि पैसा काही केल्या संपत नाही. आजच्या प्रेक्षकाला एकच तयारी लागते: त्या काळी लाख म्हणजे काय, हे डोक्यात असणं. ते नसेल तर पैसे संपत नाहीत यातली तगमग पोहोचत नाही. त्यानंतर ‘गुळाचा गणपती’ (१९५३). पु. ल. देशपांडे यांनी त्यात लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका हे सगळं केलं. ‘इंद्रायणी काठी’ भीमसेन जोशींच्या आवाजात याच चित्रपटात आहे. एका विनोदी चित्रपटाने असं भजन पोटात सामावून घेतलं आणि कुठेही शिवण दिसत नाही. कान तयार झाल्यावर मग ‘ब्रह्मचारी’. मीनाक्षी शिरोडकरांच्या ‘यमुनाजळी खेळू खेळ’ने तेव्हा खळबळ उडाली, एवढंच आज सांगितलं जातं, पण ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्या औदुंबरची फजिती आजही ताजी आहे.

भुतांचे दोन चित्रपट जोडीने बघण्यासारखे आहेत. ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये भूत अशोक सराफ, मास्तर दिलीप प्रभावळकर. ‘झपाटलेला’ (१९९३) मध्ये प्रभावळकर स्वतःच तात्या विंचू. रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात तो आवाज कसा भरला आहे ते पडद्याकडे पाठ करून ऐका. मुलं बाहुल्याला घाबरतात, सहा-सात वर्षांखालच्यांना रात्री दाखवू नका.

काही गोष्टी या चित्रपटांत आज खुपतात. जाड बाई, काळा रंग, तोतरेपणा यांवरचे विनोद त्या काळी सर्रास होते. अशा जागी चित्रपट थांबवून मुलांना शिकवणी देऊ नका आणि पुढेही पळवू नका. संपल्यावर विचारा, कुठे हसू आलं नाही? मुलं ती जागा अचूक सांगतात.

मालिका: एका बैठकीत दोनच भाग

मालिकेचा हिशोब वेगळा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. दिग्दर्शक केदार शिंदे, आधार प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’चा. भाग आठवड्यातून एकदा यायचा. आजोबांची, म्हणजे प्रभावळकरांनी केलेल्या आबांची तीच सवय, त्यांचा मुलगा शेखरची तीच चिडचिड सात दिवसांनी दिसली की घरी आल्यासारखं वाटतं. सलग सहा भाग बघितले तर तीच सवय कंटाळवाणी होते. ती मालिका त्या अंतरासाठी लिहिलेली आहे. एका वेळी दोन भाग, आणि मध्ये निदान एक दिवस. दुसऱ्या खेपेला आबांना सोडा, सून श्यामलकडे बघा. शुभांगी गोखले यांनी स्वयंपाकघरातून बाहेर येता-जाता जेवढं सांगितलंय तेवढं इतरांनी पानभर संवादांत सांगितलेलं नाही. प्रभावळकर तेव्हा साठीच्याही अलीकडे होते. पंचाहत्तरीचा म्हातारा त्यांनी आवाज कापरा न करता, फक्त खुर्चीतून उठण्याच्या वेळेवर उभा केला आहे.

त्याआधीचा दूरदर्शनचा काळ, म्हणजे ‘गजरा’ किंवा प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ, तुकड्यांतच मिळतो. तेव्हा टेपा महाग होत्या, पुसून पुन्हा वापरत. जो तुकडा मिळेल तो उतरवून ठेवा. आधी चिं. वि. जोशींच्या दोन गोष्टी वाचा आणि मग बघा. तुकड्याच्या मागचं-पुढचं आपोआप भरून येतं.

प्रहसनांच्या कार्यक्रमांत, ‘फू बाई फू’, ‘चला हवा येऊ द्या’, ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’, पूर्ण भाग पुन्हा बघण्याचा हट्ट सोडा. सुटं प्रहसन निवडा. त्या आठवड्यात येणाऱ्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं प्रहसन दोन वर्षांत विझतं, कारण ज्याची नक्कल आहे तेच लोक विसरतात. घर, चाळ, लग्न, दवाखाना, सरकारी खिडकी यांवरचं टिकतं. मध्येच परीक्षकांचे हसरे चेहरे दाखवतात तेव्हा नजर खाली घ्या आणि नुसतं ऐका. कुठे हसायचं ते दुसऱ्याने सांगितलं की आपलं हसू अर्धं होतं.

घरातल्या व्हीसीडी वाचवा

काही चित्रपटांची बरी प्रत आजही फक्त जुन्या व्हीसीडीवर असते. चित्र ३५२ बाय २८८ बिंदूंचं, त्यामुळे ५५ इंची टीव्हीवर ते धुरकट दिसणारच. २४ इंची मॉनिटरवर बघा. एका तबकडीवर ७४ ते ८० मिनिटं मावत, म्हणून चित्रपट दोन तबकड्यांवर आणि तोड अनेकदा भर प्रसंगात. तबकडी संगणकात घालून ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर उघडा. त्यातली ‘डॅट’ फाइल संगणकावर उतरवा, ती व्हीएलसीत जशीच्या तशी चालते. दोन्ही तबकड्या उतरवल्या की प्लेलिस्टमध्ये लागोपाठ लावा आणि तोड जवळजवळ जाणवत नाही.

उतरवताना मध्येच अडकलं तर ओरखडा किंवा बुरशी आहे. तबकडी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुवा, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेवरच लांबलचक पडतो, आडवा ओरखडा तो पटकन ओलांडतो. व्हीसीडीत चित्रासाठी जास्त जागा मिळावी म्हणून चुका दुरुस्त करणारी जादा माहिती कमी ठेवलेली असते, म्हणून ती फाइलींच्या सीडीपेक्षा लवकर हट्ट करते. एका ड्राइव्हमध्ये अडली तर दुसऱ्यात घालून बघा. जुने, संथ ड्राइव्ह पुष्कळदा जास्त समजूतदार निघतात. उतरवलेल्या फाइलीला चित्रपटाचं नाव, साल आणि मिनिटं लिहून ठेवा, आणि प्रमाणपत्रावरच्या मीटरच्या आकड्याशी एकदा ताडून बघा.